नंबर नसलेली प्रेस

गोरक्ष येळवंडे कंपनीत नेमकं काय करतो, हे त्याच्या आईला सांगता येत नाही, गावाला सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे आमच्या मालकांनाही सांगता येत नाही. मला येतं. नऊ वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते आहे आणि त्याचं करवादणं ऐकते आहे. इतक्या वर्षांत एखादीनं गाणं शिकून परीक्षा दिली असती. मी गोरक्षच्या तक्रारी पाठ केल्या.

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत. कारखान्यातल्या मशीनला हुकूम सोडणारी कंट्रोल पॅनल आम्ही बनवतो. बाहेरून बघाल तर एक लोखंडी कपाट, आत वायरींचं जंजाळ, आणि त्या जंजाळाला अक्कल देणारा प्रोग्राम. चाकण, महाळुंगे, कुरुळी, पार रांजणगावपर्यंत आमची कपाटं गेलेली आहेत. तिकडे काही बिघडलं की जो फोन येतो तो मी घेते. माझा एकच नियम, आधी मशीन नंबर सांगा, मग रडगाणं. प्रत्येक कपाटाच्या दारावर आतून नंबराचा स्टिकर असतो. तो न बघता फोन करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. नंबर घातल्याशिवाय संगणक तक्रार उघडतच नाही, त्याला मी तरी काय करणार. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणते.

गोरक्षकडे प्रोग्राम असतात. प्रोग्राम ज्यात ठेवतात त्याला रेपो म्हणतात. ती नुसती फाइल नव्हे. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली ते त्यात राहतं, आणि प्रत्येक बदलाबरोबर का बदललं याची एक छोटी चिठ्ठी लिहावी लागते, तीही राहते. पुसायला गेलात तर पुसल्याचंही कळतं. एका कंपनीला अशी एक, दोन, फार तर दहा गाठोडी पुरतात. गोरक्षकडे आठशे त्रेसष्ट होती.

याला कारण आमचे मालक उद्धवराव. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी नियम घातला की मशीन गिऱ्हाइकाकडे निघालं, नारळ फुटला, की त्याच्या प्रोग्रामची वेगळी प्रत करायची आणि ती त्या मशीनच्या नावानं ठेवायची. पुढे गिऱ्हाईक म्हणेल ते बदल तिच्यातच करायचे. तेव्हा वर्षाला बारा मशीनं जायची. नियम चांगलाच होता. पुढे मशीनं शेकड्यांनी जायला लागली तरी नारळही तोच राहिला आणि नियमही. म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आठशे त्रेसष्ट प्रती, प्रत्येक प्रत शेजारणीपेक्षा चार ओळींनी वेगळी. निम्म्या आमच्या सर्व्हरवर, निम्म्या गिऱ्हाइकांच्या, कारण मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना माल देणारे लोक प्रोग्राम आपल्या कुंपणाबाहेर जाऊ देत नाहीत.

या दूरच्या प्रतींना रिमोट म्हणतात. गोरक्षनं आपल्या लॅपटॉपवर एक मुख्य रेपो केला होता आणि त्याला हे सगळे रिमोट जोडले होते. कुठं काय बदललं ते बघायचं तर एकेकाकडे जाऊन ताजा माल आणावा लागे. सकाळी साडेनऊला हुकूम सोडला की सव्वाबाराला काम संपे, तेही वाटेत कुणी रुसलं नाही तर. एखाद्या कारखान्यानं सर्व्हर बंद ठेवला असला की गाडी तिथंच थांबे. हा चहा पिऊन यावा तर ती दोनशे सातवर अडकलेली. मग लॅपटॉपचं झाकण आपटणं, मग माझ्याकडे बघून मान हलवणं, मग त्या कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन. तो पोरगा जेवायला गेलेला असे. चाकणमधले कॉम्प्युटरवाले दिवसभर जेवत असतात, असं गोरक्षचं ठाम मत होतं.

त्यातून नावं. मशीन बसवायला जाणारे आमचे इंजिनिअर तिथूनच रेपोला नाव देत, आणि या पट्ट्यात पत्ता सांगायची जी रीत आहे त्याच रीतीनं देत. 'पत्राशेड दोन.' 'वडापावच्या गाडीसमोर.' 'सरपंचांचा गाळा.' एकदा 'चिंचेखालची शेड' नावाच्या रेपोतली चूक काढायची होती. रस्ता रुंद करताना चिंच गेली होती, इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता, आणि शेडवाल्यानं गाळा विकून फर्मचं नाव बदललं होतं. चार दिवस गोरक्ष मोटारसायकलवर कुरुळीत चिंचेचा बुंधा शोधत हिंडला. शेवटी बुंधा सापडला तेव्हा त्याला इतका संताप आला होता की आनंद झालाच नाही, असं त्यानंच मला सांगितलं.

सहा वर्षं तो उद्धवरावांना सांगत होता. प्रोग्राम एकच ठेवू, प्रत्येक मशीनचं वेगळेपण एका छोट्या फाइलीत ठेवू, मग चूक एका ठिकाणी काढली की सगळीकडे निघेल. तीन महिने द्या, दोन माणसं द्या. उद्धवराव शांतपणे ऐकत. मग विचारत, चाललंय ना सध्या. चाललं होतंच. गोरक्ष चालवत होता म्हणून चाललं होतं, पण हे कसं सांगणार.

माणूस निघोज्याचा. जमीन एमआयडीसीत गेली, थोडी उरली, तिच्यावर घर आणि दोन म्हशी. पहाटे धार काढून, डब्यात भाकरी बांधून साडेआठला हजर. उंच, सडसडीत, शर्टाची कॉलर कायम एका बाजूला मोडलेली. रागीट म्हणावा तर माणसांवर कधी ओरडला नाही, राग सगळा लॅपटॉपवर. आणि त्याचा नियम माझ्यापेक्षा कडक होता. मशीनच्या यादीत नाही ते माझं नाही, असं तो म्हणायचा. कुणी पेन ड्राइव्हवर प्रोग्राम नेऊन कुठं परस्पर भरला असं कळलं की त्याचा दिवस वाया जायचा. अशा लोकांना त्यानं एक शिवी राखून ठेवली होती, ती मी इथे लिहीत नाही.

या वर्षी अनंत चतुर्दशी झाल्यावर दोनच दिवसांनी चाकणच्या एका शेडमधून सुपरवायझरचा फोन आला. आमचं पॅनल लावलेल्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, एका बाईचा हात गेला होता. उजव्या हाताची दोन बोटं, मधल्या पेरापासून. सुपरवायझर म्हणाला, ऑपरेटरची चूक आहे, मशीन ठीक आहे, फक्त कळवतोय. मी तसंच लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी त्या बाईचाच फोन आला. आम्रपाली तिचं नाव, लातूरकडची, खराबवाडीत खोली घेऊन राहणारी. माझ्या नियमाची तिला कुठून कल्पना होती देव जाणे, पण तिनं आधी नंबर सांगितला.

"सातशे चौदा. लिवून घ्या मॅडम," ती म्हणाली. "म्या डाव्या हातानं एकच बटन दाबलं व्हतं. उजवा हात आत व्हता. लाइट आत्ताच आल्ती."

प्रेसचं असं असतं की दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे आत हात नसणार, इतका साधा हिशेब आहे. महाग पॅनलमध्ये हे बघायला वेगळा रिले, म्हणजे सुरक्षेचा स्विच, असतो. स्वस्तातल्या पॅनलमध्ये उद्धवरावांनी ते प्रोग्रामवर सोडलं होतं. मी चिठ्ठी गोरक्षच्या टेबलावर ठेवली. त्यानं वाचली, उठला आणि खाली टेस्टिंगला गेला. मीही मागोमाग गेले. त्यानं तिथल्या प्रेसचा मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला आणि एकच बटण दाबलं. प्रेसचा वरचा ठोकळा खाली आला. पुन्हा पाडला, पुन्हा चढवला, पुन्हा आला. वीज जाऊन आली की प्रोग्रामला मघाचं दाबलेलं बटण अजून दाबलेलंच वाटत होतं, फक्त पहिल्या दणक्यापुरतं. दुसऱ्यापासून सगळं सुरळीत. गोरक्षनं अकरा वेळा केलं. मी मोजत होते, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वर आल्यावर तो म्हणाला, हे मी कुठंतरी ऐकलंय. मी म्हटलं, दिवसभर तक्रारीच ऐकतोस, त्यात हेही असेल. एवढं बोलून मी पुढचा फोन घेतला.

चूक तीन ओळींची होती. ती काढायला त्याला वीस मिनिटं लागली. पण ती चूक किती प्रतींत गेली होती ते शोधायला पाच दिवस लागले. आठशे त्रेसष्ट रिमोट, रोज सव्वाबारापर्यंतची वाट, दोनशे सातवर अडकणं, जेवायला गेलेली पोरं. शेवटी आकडा आला, तीनशे एकोणीस. तीनशे एकोणीस प्रेस, प्रत्येकीचा प्रोग्राम थोडा वेगळा, म्हणून तीन ओळी प्रत्येकीत वेगळ्या जागी बसणार. त्यानं जमेल तेवढ्यांना एका स्क्रिप्टनं, म्हणजे आपोआप, बसवल्या, उरलेल्या नव्वदेक हातानं. आणि प्रतीत बसवून भागत नाही, ती मशीनमध्ये भरायला मशीन थांबवावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर कोण थांबवणार? सगळीकडे ओव्हरटाइम लागलेला. मी फोन करून अर्धा तास मागितला की लोक मला वेड्यात काढत.

उद्धवरावांना गिऱ्हाइकांना पत्र पाठवायचं होतं, पण त्यात चूक हा शब्द नको होता. त्यांनी 'सुधारित आवृत्ती उपलब्ध' असं लिहिलं. ते वाचून कुणीही मशीन थांबवलं नसतं आणि कुणी थांबवलंही नाही. गोरक्ष म्हणाला, निदान एवढं लिहा की लाइट जाऊन आल्यावर पहिला दणका मोकळा घ्या. ते नाही म्हणाले. मग आम्ही दोघांनी तीनशे एकोणीस प्रेसच्या मालकांना तोंडी सांगितलं. चार दिवस. माझा घसा बसला. पलीकडून हो हो म्हणत, पण शेडमधल्या बाईपर्यंत, पोरापर्यंत ते पोचलं का, हे कसं कळणार. त्या दिवसांत वीज गेली की गोरक्ष खुर्चीतून उठून उभा राहायचा. आमच्या ऑफिसातली वीज गेली तरी.

खंडेनवमीची कल्पना त्याचीच. त्या दिवशी या सगळ्या पट्ट्यात मशीनं धुऊन-पुसून पूजेला बसतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. म्हणजे जवळजवळ दोन दिवस सगळी मशीनं एकदम बंद, आणि असं वर्षातून एकदाच होतं. त्यानं आधीपासून सगळं रचून ठेवलं. गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवाल्यांकडून परवानग्या, आमच्या अकरा इंजिनिअरांच्या वाटण्या, कुठं वायरवरून भरायचं, कुठं माणूस जायचा. सकाळी सहापासून सुरू करायचं ठरलं.

दहा वाजेपर्यंत छान चाललं. मग पूजा सुरू झाल्या आणि एकेक जण हात वर करायला लागला. एकदा हळदकुंकू वाहिलं की त्या मशीनला हात लावायचा नाही, हे आमच्या हिशेबातच नव्हतं. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं. आमच्या स्वतःच्या टेस्टिंगच्या प्रेसलाही मीच सकाळी हार घातला होता आणि त्यानंतर कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं. पण आपल्या आड येईल असं वाटलं नव्हतं. चऱ्होलीचे सोपानराव, त्यांच्याकडे आमच्या चार प्रेस, मला फोनवर म्हणाले की आज मशीन म्हणजे देव आहे, देवाचं पोट उघडून देणार नाही. मी वाद घालायला लागले. गोरक्षनं माझ्या हातातून फोन घेतला.

"काका, बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. "आज कुणी हात लावायचा न्हाई. परवा सकाळी बी लावायचा न्हाई. माझा माणूस येईल, तो आपली तीन ओळींची पूजा करंल, मगच हार काढायचा. तवर देव बसलेला राहू द्या."

सोपानराव कबूल झाले. पुढे सगळ्यांना हेच सांगायचं ठरलं. ज्यांनी हात लावू दिला त्यांचं काम होत गेलं, ज्यांनी नाही दिला त्यांची मशीनं पूजेत बसून राहिली. काही झालं तरी जुन्या प्रोग्रामवर एकही प्रेस चालणार नव्हती. दुपारी दोनपर्यंत यादीत एकशे ऐंशी हिरव्या, म्हणजे काम झालेल्या, आणि बाकी सगळ्या हारात अडकलेल्या. महिन्याभरात पहिल्यांदा गोरक्ष खुर्चीला पाठ टेकून बसला आणि त्यानं भाकरीचा डबा उघडला.

जेवताना त्याचा मोबाइल वाजत होता. गावाच्या, भावकीच्या ग्रुपवर पूजेचे फोटो येत होते, ट्रॅक्टरला हार, बोअरच्या मोटारीला हार. तो एकेक सरकवत होता. एका फोटोवर थांबला. घास हातातच राहिला. पत्र्याची शेड, झेंडूच्या माळा घातलेली एक जुनी प्रेस, शेजारी हात जोडलेली एक बाई. प्रेसच्या मागे आमचं कपाट.

मी विचारलं, हे कुठलं. मग खाली मान घालून त्यानं सांगितलं. बाळू म्हणून त्याचा थोरला चुलतभाऊ. चार वर्षांपूर्वी त्यानं भंगारातून प्रेस आणली आणि घरामागं शेड टाकली. नव्या पॅनलची ऐपत नव्हती. आमच्याकडे डेमोचं एक जुनं कपाट धूळ खात पडलं होतं. गोरक्षनं ते काढून नेलं आणि एका गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम भरून दिला. कपाटाला नंबर नाही, यादीत नाव नाही, रेपो नाही. भावाला नाही कसं म्हणायचं? आणि कंपनीत सांगितलं असतं तर उद्धवरावांनी नेऊ दिलं नसतं.

मला इतका राग आला की मी बोललेच. नऊ वर्षं आम्हाला यादीवरून सोलून काढलंस आणि स्वतः हे केलंस, असं म्हणाले. तो बाळूला फोन लावत होता. बाळू उचलत नव्हता. छोट्या शेडवाल्यांचं मला माहीत आहे, अर्जंट माल असला की पूजा करून तासाभरात मशीन चालू करतात. तो मोटारसायकलची चावी शोधायला लागला. ती सापडेना, तेव्हा मी त्याला मागे बसवून माझी स्कूटर काढली.

त्या रस्त्याबद्दल काय लिहू. मोशीपर्यंत पोचलो, आणि इंद्रायणीच्या पुलावर एक कंटेनर आडवा. पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही. झेंडूनं भरलेले टेम्पो, हार घातलेल्या गाड्या, सगळे हॉर्न वाजवत होते, जणू त्यानं कंटेनर उठून बाजूला होणार होता. गोरक्ष मागे बसून फोन लावत राहिला. एकदा म्हणाला, मिनल, त्या प्रेसवर पुनमवहिनी बसते. बाळूदादा नाही.

पोचलो तेव्हा शेड शांत होती. प्रेस बंद, माळा ताज्या, पुढ्यात हळदकुंकू वाहिलेले नट-बोल्टचे पाने, हातोडी, कानस, ग्रीसचा डबा ओळीनं मांडलेले. बाळू घरात झोपला होता, फोन चार्जिंगला. पुनमवहिनी आम्हाला बघून लगबगीनं पाणी आणायला गेली. गोरक्ष तिथंच पायरीवर मटकन बसला. त्याला रागवायचं सोडून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्याचं लक्ष पूजेच्या ओळीकडे गेलं. अवजारांच्या शेवटी एक हातभर लाकडी दांडकं होतं, टोकाला रबर गुंडाळलेलं. त्यालाही हळदकुंकू होतं, त्यालाही फूल.

"वहिनी, हे दांडकं कशाला?" त्यानं विचारलं.

"ती गंमतच हाय," तांब्या खाली ठेवत ती म्हणाली. "लाइट जाऊन आली ना भावजी, की ही पयला दणका एकाच बटनावर देती. मग मी आपली लांब हुबी ऱ्हाते आन् दांडक्यानं बटन दाबते. त्यो एक मोकळा जाऊ दिला की मग शहाण्यासारखी चालती. दोन वर्सं झाली, माझी बोटं त्यानंच राखली. म्हून त्याचीबी पूजा."

"दोन वर्षं? मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं व्हतं की. तवाच, गौरीच्या जेवनाला. तुमी पंगतीत वाढत व्हता. म्हनला, वहिनी, असं तोंडी नको, हापिसात फोन करा, रीतसर तक्रार टाका."

गोरक्षनं डोळे मिटले. त्याला आठवलं होतं, ते दिसतच होतं. हळू आवाजात त्यानं विचारलं, मग केला नाही का फोन.

"केला की. एक बाई व्हत्या. आदी मशीन नंबर सांगा म्हनल्या. आमच्या कपाटाला कुठला नंबर? तर त्या म्हनल्या, नंबराशिवाय तक्रार घेता येत न्हाई, मी तरी काय करनार. मग मी दांडकं केलं."

तिनं हे कुठलाही राग न धरता सांगितलं आणि माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. माझा आवाज तिनं ओळखला नव्हता, कारण तिथं आल्यापासून मी एक अक्षर बोलले नव्हते. पुढेही बोलले नाही. लाज वाटली म्हणजे काय होतं ते मला बेचाळिसाव्या वर्षी नीट कळलं.

गोरक्षनं प्रेसला हात जोडले आणि कपाट उघडलं. बाळू डोळे चोळत आला आणि आज हात लावू नको म्हणायला लागला, तर पुनमवहिनीनंच त्याला गप्प केलं. लॅपटॉप जोडून गोरक्षनं आधी त्या मशीनचा रेपो तयार केला. नाव दिलं 'पुनम येळवंडे, निघोजे'. मग तीन ओळी भरल्या. मग मेन स्विच पाडून, चढवून, एक बटण दाबून बघितलं. ठोकळा जागचा हलला नाही. पुनमवहिनी म्हणाली, आता दांडकं कुठं ठेवू?

बदलाची चिठ्ठी लिहायची राहिली होती. तिथेच पायरीवर बसून त्यानं ती लिहिली आणि मला वाचायला दिली. 'वीज जाऊन आल्यावर पहिला दणका एका बटणावर येत होता. ही चूक दोन वर्षांपूर्वी पुनम येळवंडे यांनी मला सांगितली होती. मी नोंदवली नाही. प्रेस माझ्या यादीबाहेर मीच ठेवली होती. ती चूक पुढे चालत राहिली आणि मशीन सातशे चौदावर आम्रपाली यांची दोन बोटं गेली. गोरक्ष येळवंडे.' मी वाचून मान हलवली. त्यानं तीच चिठ्ठी तीनशे वीसही प्रतींना जोडली आणि सगळीकडे रवाना केली. महिनाभर आम्हाला रडवणारे रिमोट त्या संध्याकाळी एकही न अडकता भराभर गेले, कारण आम्हीच मिनतवाऱ्या करून सगळे सर्व्हर उघडे ठेवायला लावले होते.

दसऱ्यानंतर सकाळी आठला ठरल्याप्रमाणे माणसं गेली. दुपारपर्यंत हारात बसलेल्या सगळ्या प्रेस हिरव्या झाल्या. साडेबाराला उद्धवरावांनी गोरक्षला आत बोलावलं. कुठल्याशा गिऱ्हाइकानं ती चिठ्ठी वाचली होती. काचेतून सगळं ऐकू येत होतं. उद्धवराव आधी त्या जुन्या कपाटावरून बोलले, बरंच बोलले, गोरक्ष ऐकून घेत होता. मग ते म्हणाले, ती चिठ्ठी पुसून टाक.

"तीनशे वीस ठिकाणी आहे साहेब," गोरक्ष म्हणाला. "निम्मी ठिकाणं आपल्या हातात नाहीत. आता पुसायची तर पुढच्या खंडेनवमीपर्यंत थांबावं लागेल, आणि तेव्हाही मी पुसणार नाही."

त्याची नोकरी राहील का, अजून ठरलेलं नाही. तो साडेआठला येतो, साडेनऊला हुकूम सोडतो, दोनशे सातवर अडकला की झाकण आपटतो. परवा आम्रपालीचा फोन आला. सवयीनं तिनं आधी नंबर सांगितला, मग विचारलं, झालं का दुरुस्त. मी झालं म्हणाले. कशी चूक होती, कुणी आधी सांगितलं होतं, हेही सगळं सांगितलं. फोन घेणारी बाई मीच होते, तेही सांगितलं. सगळं ऐकून तिनं फोन ठेवला. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गोरक्षच्या चिठ्ठीत त्या फोनचा उल्लेख नाही. मी त्याला विचारलं, मला का वगळलंस. तो म्हणाला, तू तुझं काम नियमानं केलंस. हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलं आणि ते मला फार लागलं. त्या दिवशी संध्याकाळी मी दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदी चाळल्या. पुनमचा फोन कुठेच नव्हता. नंबर नसलेल्या तक्रारी आम्ही कधी लिहूनच घेतल्या नाहीत, त्यामुळे गोरक्षसारखं कबूल करायलाही माझ्याकडे नोंद नव्हती.

काळेवाडीत घरी जाताना मी स्टेशनरीच्या दुकानातून एक साधी वही घेतली. ती आता फोनशेजारी असते. पहिल्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या गौरींनंतरची तारीख घातली आणि लिहिलं, पुनम येळवंडे, निघोजे, लाइट आल्यावर पहिला दणका एका बटणावर येतो. मशीन नंबराच्या रकान्यात काही लिहिलं नाही.